न बघितलेली पानं

"आयुष्यभर तोंडं रंगवली गो मी, आणि आता नुसती पुसत बसते. ह्याला काय मेकअप म्हणायचं? भांडी घासणं ते हेच."

रेजिना हे केतकीला सांगत नव्हती, हातातल्या ओल्या कापसाला सांगत होती. पण कापूस केतकीच्या गालावर असल्यामुळे ते ऐकण्यावाचून केतकीला इलाज नव्हता. मांडवीत नांगरलेल्या त्या बोटीवर पोकर लीगचा नियमच होता: टेबलाशी बसणाऱ्याच्या चेहऱ्यावर पावडरीचा कणसुद्धा नको. कपाळ, गाल, नाकाचा शेंडा, सगळं उघडं आणि स्वच्छ. आरशाला कातडी लागायची.

"आणि त्या प्रियोळकराचं तोंड पुसणं तर नको वाटतं," रेजिनानं कापूस बदलला. "पूर्वी कानाशी हात गेला की गुदगुल्या व्हायच्या त्याला, खुर्चीत माशासारखा वळवळायचा. आता गार पाणी लाव, गरम लाव. थाळी पुसल्यासारखं."

मग आपण कुणासमोर बोलतोय हे तिच्या लक्षात आलं. तिनं घाईघाईनं केतकीची हनुवटी पुसली, ती आधीच पुसून झाली होती तरी, आणि म्हणाली, "शांत झालाय हो तो. चांगलंच आहे."

शांत. हा शब्द बोटीवर सगळ्यांनी मिळून शोधून काढला होता. लीगमधल्या खेळाडूंच्या घरचे एकमेकांना भेटले की हाच शब्द द्यायचे-घ्यायचे. आमचे हल्ली किती शांत झालेत. आमच्याकडे तर भांडणंच होत नाहीत. कुणी त्याच्या पुढे जात नसे. केतकीही नाही. चार वर्षं ती निनाद प्रियोळकरबरोबर रायबंदरच्या घरात राहत होती, आणि त्यातली शेवटची दोन वर्षं तीसुद्धा लोकांना सांगत होती की निनाद शांत झालाय.

आज त्याच निनादसमोर तिला अंतिम सामना खेळायचा होता.

पोकर हा थापांचा खेळ. प्रत्येकाच्या हातात दोन पालथी पानं, मधोमध सगळ्यांसाठी पाच उघडी. त्यातून ज्याचा जोड मोठा त्याचा डाव. पण नुसतं एवढंच असतं तर लोकांनी भेंड्या खेळल्या असत्या. खरी गंमत अशी, की हातात काहीही नसताना सगळं जग आहे असं भासवून समोरच्याला पानं टाकून डाव सोडायला लावता येतं. केतकी म्हापणकर ह्यात तरबेज होती. चेहरा मात्र तिला मुळीच झाकता यायचा नाही. ती चांगल्या पानांवरही घाबरायची, वाईट पानांवरही घाबरायची, आणि त्यामुळे समोरच्याला काहीच कळायचं नाही.

निनादचं उलट होतं. त्याचा चेहरा देवळातल्या समईसारखा स्थिर, पण थाप मारताना त्याच्या उजव्या कानाची पाळी लाल व्हायची. अगदी एवढीशी. हे फक्त केतकीला ठाऊक होतं. पहिल्या भेटीतच तिनं ते हेरलं, त्याच्यावर तीन डाव जिंकली, आणि चौथ्या डावात तो कान इतका लालबुंद झाला की तिला हसू आलं आणि ती हातातली चांगली पानं टाकून हरली. का टाकलीस, म्हणून त्यानं नंतर विचारलं. तिनं सांगितलं नाही. माणसाच्या प्रेमात पडायला काहीही पुरतं. ती एका कानाच्या पाळीच्या प्रेमात पडली.

मग आरसा आला.

आरसा म्हणजे टेबलाभोवती बसवलेले मटाराएवढे कॅमेरे. हृदयाचा प्रत्येक ठोका रक्ताची एक लाट चेहऱ्यापर्यंत पाठवतो. रक्तातला लाल पदार्थ हिरवा प्रकाश शोषून घेतो, म्हणून लाट आली की कातडी किंचित गडद होते आणि ओसरली की उजळते. हा फरक इतका बारीक असतो की आपल्याला दिसत नाही, नाहीतर लग्नं जमवणं फार सोपं झालं असतं. कॅमेऱ्याला तो दिसतो. त्यावरून नाडी कळते, नाडी कुठे अडखळली ते कळतं. मन दचकलं की नाकाच्या शेंड्याकडचं रक्त आत ओढलं जातं आणि शेंडा जरासा गार पडतो, तेही कळतं. ह्या सगळ्याची बेरीज करून आरसा प्रत्येक खेळाडूच्या डोक्यावरच्या पट्टीत रंग भरायचा. हिरवा म्हणजे निवांत. लाल म्हणजे धडधड.

आरसा फक्त धडधड मोजतो, ती कशासाठी हे त्याला कळत नाही, असं तो बनवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण इतकं ऐकायला वेळ कुणाला होता? लाल म्हणजे थाप, हे प्रेक्षकांनी ठरवलं, लीगनं मान्य केलं आणि खेळाडूंनी मुकाट्यानं गिळलं. आधी पट्टी फक्त घरी बसलेल्यांना दिसायची. मग प्रेक्षकांना वाटलं, टेबलावरच्यांनाही दिसू दे की. प्रत्येकाच्या खुर्चीच्या वर तशीच दिव्यांची पट्टी बसली आणि निनादचा कान एका दुपारीत जगजाहीर झाला. तो त्या हंगामात एवढा हरला की लोक त्याला भेटून धीर देऊ लागले. हरणाऱ्याला त्याहून वाईट काही नसतं.

रोग आला की औषध येतंच. त्याचं नाव शमक. तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र, मानेत कातडीखाली बसवायचं, मेंदूकडून हृदयाकडे उतरणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेला लागून. ही नस म्हणजे हृदयाचा लगाम. ठोके वाढायला लागले की शमक लगाम खेचतो आणि हृदय दुडक्या चालीवर येतं. मुळात ते ज्यांचं हृदय भलत्या वेळी उधळतं अशा रुग्णांसाठी केलेलं, आणि त्यांचं त्यानं भलं केलं. धडधाकट माणसाचं काय होतं हे कुणी विचारलं नव्हतं. आपण समजतो की भीती मनात उगवते आणि मग छाती धडधडते. पुष्कळदा गाडी उलटी चालते. छाती धडधडते म्हणून मेंदूला पत्ता लागतो की अरे, काहीतरी घडतंय, घाबरा, नाहीतर हसा. छातीकडून खबर येणंच बंद झालं, तर मेंदू हळूहळू दारात उभं राहायचंही सोडतो.

निनादनं शमक बसवला आणि पुन्हा जिंकू लागला. पाठोपाठ इतर सगळ्यांनी बसवला. उरली एकटी केतकी, डोक्यावर लाल पट्टी घेऊन बसणारी. प्रेक्षकांना ती आवडायची. जत्रेत भूत आवडतं तशी. ह्या हंगामात नशिबाच्या आणि हिशेबाच्या जोरावर ती अंतिम फेरीला पोचली, तेव्हा लीगच्या व्यवस्थापकानं तिला बाजूला घेऊन फार गोड शब्दांत सांगितलं, की पुढच्या हंगामापासून शमक सगळ्यांना सारखाच असावा असं ठरलंय. डॉक्टरांची वेळसुद्धा घेऊन ठेवली होती. खेळायचं तर दाणा, नाहीतर घर.

ती हो म्हणालीही असती. खेळाशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि एका घरात दोघंही शांत असती तर कदाचित सोपं गेलं असतं. तिला अडवलं जखमेवरच्या एका पट्टीनं.

झालं असं, की मागच्या महिन्यात पर्वरीच्या उतारावर तिची स्कूटर घसरली. हनुवटी फुटली, ओढणी रक्तानं भिजली. तशीच ती घरी आली. दारात निनाद उभा होता. त्यानं तिला खुर्चीत बसवलं, जखम धुतली, औषध लावलं, पट्टी बांधली. एकही चूक नाही. मग विचारलं, स्कूटर कुठे ठेवलीस. केतकी त्याच्या हातांकडे बघत राहिली. इतक्या स्थिर हातांनी आपल्या माणसानं आपल्याला पट्टी बांधू नये, एवढंच तिला कळत होतं. पूर्वी हाच माणूस तिच्या बोटाला विळी लागली तर स्वतः मट्‌कन खाली बसायचा, आणि तिलाच त्याला कांदा हुंगवावा लागायचा.

तेव्हाही ती काही बोलली नाही. बोललं की खरं होतं, आणि खरं झालं की बॅग भरावी लागते.

पण व्यवस्थापकाचं ते गोड बोलणं ऐकून आली त्या सकाळी, निनाद बांगडे साफ करत असताना, तिनं ओट्याशी उभं राहून पैज लावली. तो जिंकला तर ती दाणा बसवून घेईल, हूं की चूं न करता. ती जिंकली तर त्यानं त्याचा काढायचा.

"काढला तर मला खेळता येणार नाही," निनाद म्हणाला. त्यात तक्रार नव्हती, माहिती होती.

"मलाही माहितीय ते."

त्यानं एक बांगडा पुरा साफ केला. "बरं," म्हणाला.

पूर्वीचा निनाद असता तर ह्यावर दोघांचं कडाक्याचं वाजलं असतं, भांडी आपटली असती आणि बांगडे मांजरानं नेले असते. केतकीला त्या भांडणाची इतकी आठवण आली की ती बाहेर जाऊन सावंतवाडीला फोन लावून बसली.

सावंतवाडीला तिची कुमुद आते होती. गणपतीत दुपारची जेवणं आटोपली की माजघरात बायकांचा तीन पत्तीचा डाव बसायचा, कवड्यांवर, आणि त्या डावाची आते सम्राज्ञी होती. तीन पत्तीत एक सोय असते: आपली पानं न बघताच डाव लावता येतो. त्याला ब्लाइंड म्हणतात. बाकीच्या बायका एकदोन फेऱ्या ब्लाइंड खेळायच्या आणि मग राहवेना की पानं उचलायच्या. आते उचलायचीच नाही. पानांवर अडकित्ता ठेवून ती सगळ्यांची तोंडं न्याहाळत बसायची. लहानग्या केतकीनं एकदा विचारलं होतं, आते, तुला बघावंसं वाटत नाही? आतेनं सुपारी कातरत तिला एकच धडा दिला होता, आणि तोच तिनं त्या दिवशी फोनवर परत दिला. सगळी हकिगत ऐकून घेतली, शमक म्हणजे काय ते दोनदा विचारलं, आणि म्हणाली:

"बघलंस की गावलंस. नाय बघलंस, तर कोणाक काय गावतला?"

बघितलंस की सापडलीस; नाही बघितलंस, तर कुणाला काय सापडणार? केतकीनं फोन ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी ती मोकळेपणी हसली. पोकरच्या सगळ्या नियमांत, आपली पानं बघितलीच पाहिजेत असा नियम कुठेही नव्हता. कुणी न बघता खेळेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

रविवारी दुपारी बोटीचं सभागृह भरलं. टेबलाशी दोघंच, समोरासमोर, मध्ये पानं वाटणारा डीलर. केतकीची पट्टी बसल्या क्षणापासून लाल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. निनादची हिरवी, पावसाळ्यातल्या शेतासारखी. कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीतून गौरांग नावाचा समालोचक गोड आवाजात बोलत होता. प्रत्येक सामन्यानंतर हाच गौरांग खेळाडूंसमोर माईक धरून विचारायचा, कसं वाटतंय? आणि जिंकलेला असो की हरलेला, दाणा बसवलेला प्रत्येक खेळाडू सांगायचा, छान वाटतंय. लीगनं शिकवलेलं उत्तर होतं ते. आरशाच्या देखत रोज बोललं जाणारं हे एक खोटं आरशाला कधीच पकडता आलं नव्हतं.

पहिली दोन पानं केतकीसमोर आली. तिनं त्यांना हात लावला नाही. पर्समधून आतेनं मुद्दाम पाठवलेला अडकित्ता काढला, पानांवर ठेवला, आणि डावावर लावायच्या चकत्या, म्हणजे चिप्स, पुढे सरकवल्या.

डीलर थांबला. पानं बघायची राहिलीत, असं त्यानं हळूच सुचवलं. बघायची नाहीयेत, केतकी म्हणाली. पंचांना बोलावलं गेलं, त्यांनी नियम चाळले, आपसांत कुजबुजले आणि हात झटकून परत गेले. व्यवस्थापक पडद्याआडून बाहेर आला होता. त्याच्याकडे बघून केतकीनं मान तुकवली, ओळखीच्या माणसाला देवळात तुकवावी तशी.

न बघता खेळणं शहाणपणाचं नव्हतंच. पानं चांगली असोत की वाईट, ती आंधळी होती. पण आता निनादही आंधळा होता. गेली दोन वर्षं त्यानं समोरच्या माणसाकडे बघणं सोडून दिलं होतं; तो पट्टीकडे बघायचा. आणि ह्या पट्टीतून त्याला पानांबद्दल काहीएक कळणार नव्हतं, कारण जिच्या डोक्यावर ती होती तिलाच आपली पानं माहीत नव्हती. आरसा, लीग, कॅमेरे, दाणा, ही सगळी वरात एका अडकित्त्यापाशी येऊन अडली होती.

डाव इकडून तिकडे झुलत राहिले. एक तिनं घेतला, दोन त्यानं. केतकी त्याच्या कानाकडे बघत होती. सवयीनं. पाळी फिकट होती, मेणाच्या कानासारखी. आणि टेबलावर पडणाऱ्या लाल उजेडावरून तिच्या लक्षात यायला लागलं, की तिची पट्टी पानं वाटताना जास्त लाल होत नाही, चिप्स सरकवताना होत नाही. निनाद मान वर करून तिच्याकडे बघतो तेव्हा ती भडकते. हे सभागृहाच्याही लक्षात आलं असावं. कारण पुढच्या रांगेतल्या, खेळाडूंच्या घरच्या बायका एकमेकींकडे न बघता समोर बघत बसल्या होत्या, आणि एकीनं पदर तोंडाशी धरला होता. गौरांग हवामानावर बोलू लागला.

मग तो डाव आला. दोघांपुढचे चिप्सचे ढीग जवळजवळ सारखे होते, केतकीचा किंचित मोठा; ज्याचा ढीग संपेल तो सामना हरणार. मधोमध पाच पानं उघडी पडली: सत्ती, नव्वी, राणी, चौकी, आणि शेवटी दुर्री. केतकीच्या दोन पानांवर अडकित्ता. तिनं दोन्ही हातांनी सगळा ढीग पुढे लोटला.

निनादच्या हातात राजा आणि दश्शी होती, जोड कशाचाच नाही. अशा हातावर शहाणा माणूस पानं टाकतो आणि पुढच्या डावाची वाट बघतो. त्यानं मान वर केली. केतकीची पट्टी टोकापर्यंत लाल झाली होती. इतकी लाल आरशानं कधी दाखवली नव्हती.

न बघितलेल्या पानांबद्दल माणूस थाप मारूच शकत नाही. हे लहान मुलालाही कळलं असतं. पण निनाद दोन वर्षं लाल दिसलं की थाप, एवढंच शिकला होता, आणि शिकवलेला हात आपणहून पुढे जातो. त्यानं आपला ढीग लोटला.

"बघू," तो म्हणाला.

त्यानं राजा आणि दश्शी उलटी केली. केतकीनं अडकित्ता बाजूला केला. पहिलं पान निघालं तिर्री. सभागृहात कुणीतरी सुस्कारा सोडला. दुसरं निघालं बदामची दुर्री.

मधली दुर्री, हातातली दुर्री. बावन्न पानांतला सगळ्यात किरकोळ जोड, ज्याला माजघरातल्या बायकाही हसल्या असत्या. पण जोड तो जोड; एकट्या राजाहून मोठा.

लोक उठून उभे राहिले. केतकीला टाळ्या ऐकू येत होत्या पण ती बघत होती निनादकडे. तो टेबलावरच्या पानांकडे बघत होता, मग तिच्या पट्टीकडे. मग पुन्हा अडकित्त्याकडे. गणित सुटत नसलेल्या मुलासारखा. त्याच्या डोक्यावरची पट्टी हिरवीगार होती.

"तू पानं बघितलीच नव्हतीस," तो हळू आवाजात म्हणाला.

"नव्हती."

"मग ते लाल कशाचं होतं?"

पहिल्या रांगेतल्या बायका खाली बघू लागल्या. डीलरनं उगीचच पानांची चळत सारखी केली. निनादनं उजव्या हाताची दोन बोटं आपल्या मानेवर ठेवली, जिथे दाणा होता तिथे, आणि थोडा वेळ तशीच धरून ठेवली, दुसऱ्याच्या घराचं दार ठोठावून आतून कुणी येतंय का ह्याची वाट बघावी तशी. मग दुसरा हात लांब करून त्यानं केतकीच्या हनुवटीला स्पर्श केला. जखमेचा व्रण तिथे अजून होता. केतकीची पट्टी पुन्हा भडकली. सगळ्या सभागृहाला दिसत होतं.

एवढ्यात गौरांग माईक घेऊन पोचला. टाळ्या ओसरल्या होत्या, शांतता वाढत चालली होती, आणि शांतता म्हणजे त्याच्या धंद्याचा खोळंबा. त्यानं केतकीला बाजूला ठेवून आधी हरलेल्याला गाठलं, नेहमीच्या रिवाजाप्रमाणे.

"तर मग निनाद, कसं वाटतंय?"

पडद्यापाशी उभ्या व्यवस्थापकानं ओठांनीच शब्द जुळवले: छान. निनादनं ते पाहिलं. त्यानं गौरांगच्या हातातून माईक काढून घेतला. घाई न करता, एखाद्याच्या हातातला चहाचा कप घ्यावा तसा.

"काहीच वाटत नाही," तो म्हणाला.

दोनचार जण हसले. विनोद वाटला त्यांना.

"नाही, विनोद नाही करत. ही बाई माझ्याकडे बघून लाल होते, सगळ्यांसमोर, आणि मला काही होत नाही. ही रक्तबंबाळ होऊन घरी आली, तेव्हा मी स्कूटर कुठे आहे ते विचारलं. आत्ता हरलो. त्याचं दुःख नाही, ती जिंकली त्याचा आनंद नाही. दाणा मी काढणार आहे, पैज हरलोय म्हणून; काढावासा वाटतो म्हणून नाही, कारण मला काढावासाही वाटत नाही."

तो पहिल्या रांगेकडे वळला. पदर तोंडाशी धरलेल्या बाईकडे, तिच्या शेजारणीकडे, त्यांच्या मागे ओळीनं बसलेल्या, मानेत दाणा बसवलेल्या त्या सगळ्या शांत खेळाडूंकडे.

"तुम्ही आम्हाला शांत म्हणता," तो म्हणाला. "आम्ही शांत नाही. आमच्यातल्या कुणालाच, तुमच्याबद्दल, काहीही वाटत नाही."